रिपोर्टवर ‘नॉर्मल’ हा शब्द नसतो

(हा आमच्या पॉडकास्टचा लिखित भाग. बोलण्याच्या ओघात दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर आधी लावा. विषय वाईट नाहीये हो, पण बाजूला बाबा पेपर वाचत बसलेत आणि मोबाइलच्या स्पीकरवरून मी ‘सिफिलिस, सिफिलिस’ करतेय, असं नको व्हायला.

मागच्या महिन्यात रात्री साडेबाराला एका श्रोत्याचा मेसेज आला. नमस्कार नाही, ओळख नाही. फक्त एका रिपोर्टचा स्क्रीनशॉट. त्यावर ‘व्हीडीआरएल : रिअॅक्टिव्ह, १:२’. आणि खाली एकच ओळ, ‘ताई, संपलं का सगळं?’

मी त्याला लगेच लिहिलं की नाही, काही संपलेलं नाही, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. पण १:२ म्हणजे काय, पुढे कोणती टेस्ट, हे सगळं मेसेजमध्ये मावेना. म्हणून आजचा हा भाग.

जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, पॉडकास्टच्या आधी मी सहा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. कोणती लॅब ते सांगत नाही, कारण आज मी जी चूक सांगणार आहे ती लॅबची नाही, माझी आहे.

मी काय चूक केली

नोकरीचं दुसरं वर्ष. दुपारची वेळ, काउंटरवर मी एकटी. एक मुलगा आला, बावीस-तेवीसचा असेल. डॉक्टरांची चिठ्ठी नाही. हळूच म्हणाला, ‘ताई, ती व्हीडीआरएल करायचीये.’ रक्त घेताना मान खाली घालून एवढंच बोलला की चार-पाच दिवसांपूर्वी ‘तिथे’ एक फोड आलाय, दुखत नाही, मेडिकलमधून क्रीम आणून लावतोय.

संध्याकाळी रिपोर्ट तयार झाला, नॉन-रिअॅक्टिव्ह. तो न्यायला आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. मला दया आली. मी हसून म्हटलं, ‘अरे, नॉर्मल आहे सगळं. जा निवांत.’

तो गेला निवांत. फोडही आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप भरला. त्याला वाटलं क्रीमने गुण आला.

अडीच महिन्यांनी तोच मुलगा परत आला, या वेळी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस चट्टे. खाज नाही, दुखणं नाही. आमच्याकडे तळहातावर पुरळ तसं कमी दिसतं, म्हणून आमच्या सिनियर मॅडमनी लांबूनच ओळखलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘तू याला काय सांगितलं होतंस?’

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अजूनही लाज वाटते. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ हा शब्द कुठेच नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला होता.

टेस्ट नेमकं काय बघते?

सिफिलिसला मराठीत उपदंश म्हणतात, बोलीत ‘गरमी’. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला ‘फिरंग रोग’ म्हटलंय. फिरंगी, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या लोकांशी जोडलेला आजार. बऱ्याच देशांनी या आजाराला शेजाऱ्याचं नाव दिलंय, आपणही तेच केलं.

याचा जंतू म्हणजे ट्रेपोनेमा पॅलिडम. स्प्रिंगसारखा पिळदार आणि इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. तो १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी शोधला. बाकीच्या बऱ्याच जंतूंसारखा तो लॅबमधल्या बशीत वाढवून बघता येत नाही. फोड ओला असेल तर त्यातला द्रव खास ‘डार्क फील्ड’ मायक्रोस्कोपखाली बघून तो पकडता येतो, पण ती सोय फार कमी ठिकाणी असते. मग उरतं काय? रक्त. आणि रक्तात आपण जंतू शोधत नाही, त्याच्या विरोधात शरीराने काय तयार केलंय ते शोधतो.

१९०६ मध्ये वासरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिफिलिसची पहिली रक्तचाचणी काढली. त्यांना वाटलं होतं की आपण थेट जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी मोजतोय. पुढे कळलं, तसं नाही. ही चाचणी निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्क वापरूनही तशीच चालत होती! १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी गुरांच्या हृदयातून तो नेमका पदार्थ वेगळा काढला, कार्डिओलिपिन. जंतूचा संसर्ग झाला की शरीरातल्या पेशींना इजा होते, आणि अशा स्निग्ध पदार्थांविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. आपली व्हीडीआरएल आजही त्याच तत्त्वावर चालते.

सोपं करून सांगते. सोसायटीत चोर शिरला की कुत्री भुंकतात. व्हीडीआरएल चोर बघत नाही, ती भुंकणं ऐकते. आता कुत्री चोर नसतानाही भुंकू शकतात, आणि चोर नुकताच भिंतीवरून उतरला असेल तर अजून गप्पही असू शकतात. माझ्या त्या मुलाच्या बाबतीत कुत्री अजून जागीच झाली नव्हती.

संसर्ग झाल्यावर फोड यायला साधारण तीन आठवडे लागतात. कमीत कमी १० दिवस, जास्तीत जास्त ९० दिवस. फोड आल्यावर रक्तात अँटीबॉडी दिसायला आणखी एक ते चार आठवडे जाऊ शकतात. मधला जो काळ, त्याला विंडो पीरियड म्हणतात. तो मुलगा फोड आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आला होता. रिपोर्ट खरा होता, पण त्या दिवसापुरता. मी त्याला म्हणायला हवं होतं, ‘आज काही दिसलं नाही. तो फोड आत्ताच डॉक्टरांना दाखव, आणि टेस्ट परत कर.’ दोन वाक्यं फक्त.

लॅबच्या आत काय होतं

दुसऱ्या वेळी मॅडमनी मला बाजूला उभं करून सगळं परत करायला लावलं. तुम्हालाही दाखवते.

रक्त गोठू द्यायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, की वर पिवळसर पाणी येतं. ते सीरम. ते ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं. मग काचेच्या पट्टीवरच्या खळग्यात सीरम घ्यायचं, त्यात कार्डिओलिपिनच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि पट्टी ४ मिनिटं गोल फिरवत ठेवायची. मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. बारीक कण मोकळे पसरलेले दिसले तर नॉन-रिअॅक्टिव्ह. कण एकमेकांना चिकटून पुंजके झाले तर रिअॅक्टिव्ह. बऱ्याच ठिकाणी आता याच टेस्टची बहीण करतात, आरपीआर. तिच्यात कोळशाची पूड असते, त्यामुळे पांढऱ्या कार्डावर काळे पुंजके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मायक्रोस्कोप लागत नाही, सीरम तापवावंही लागत नाही.

त्या मुलाचं सीरम मी पट्टीवर बघितलं. पुंजके जवळजवळ नाहीतच! मी म्हटलं, ‘मॅडम, परत निगेटिव्हच वाटतंय.’ त्या म्हणाल्या, ‘पातळ करून बघ.’

मी सलाइन घालून ते दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत गेले, आणि पुंजके उमटायला लागले. शेवटी १:१२८ पर्यंत रिअॅक्टिव्ह आलं. कारण असं की रक्तात अँटीबॉडी फारच जास्त असल्या तर त्यांची एवढी गर्दी होते की जाळं विणलंच जात नाही. दारातच सगळे अडकले तर आत कुणीच पोचत नाही ना, तसं. याला प्रोझोन म्हणतात. हे क्वचित होतं, पण चट्ट्यांच्या टप्प्यात होऊ शकतं. म्हणूनच लक्षणं बघून डॉक्टरांना शंका असेल तर चिठ्ठीवर ते लिहिलेलं असावं. लॅबमधल्या माणसाला कळलं तरच तो पातळ करून बघेल.

आता तो १:२, १:८, १:१२८ काय प्रकार असतो तेही कळलं ना? १:८ म्हणजे सीरम आठपट पातळ केलं तरी पुंजके दिसले. आकडा मोठा, तेवढ्या अँटीबॉडी जास्त. याला टायटर म्हणतात.

आता उलटी गोष्ट

वर्षभराने एक ताई तपासणीला आल्या, पहिलं बाळंतपण, तिसरा महिना. गरोदरपणात एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करतातच, कारण आईचा उपचार वेळेत झाला नाही तर गर्भपात होऊ शकतो, बाळ मृत जन्मू शकतं किंवा जन्मतःच आजारी असू शकतं. वेळेत झाला तर बाळ वाचतं. इतकी सरळ गोष्ट आहे.

त्यांची व्हीडीआरएल आली रिअॅक्टिव्ह, १:२. फॉर्मवर मोबाइल नंबर नवऱ्याचा होता. रिपोर्टची पीडीएफ त्याच्याकडे गेली. त्याने ‘व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह’ गूगल केलं, आणि डॉक्टरांना भेटायच्या आधीच ताई माहेरी पोचल्या होत्या. बॅग घेऊन.

डॉक्टरांनी पुढची टेस्ट सांगितली, टीपीएचए. ही भुंकणं ऐकत नाही, ही थेट चोराचं नाव विचारते, म्हणजे ट्रेपोनेमाविरुद्धच्याच अँटीबॉडी शोधते. तांबड्या पेशींवर जंतूचे अंश चिकटवलेले असतात. अँटीबॉडी असल्या तर त्या पेशी खळग्याच्या तळाशी चटईसारख्या पसरतात. नसल्या तर मधोमध शर्टाच्या बटणासारख्या गोळा होतात. ताईंच्या खळग्यात स्वच्छ बटण होतं. निगेटिव्ह. काही आठवड्यांनी दोन्ही टेस्ट परत केल्या, तेव्हा व्हीडीआरएलही नॉन-रिअॅक्टिव्ह आली.

म्हणजे त्यांना सिफिलिस नव्हताच. गरोदरपणात, मलेरियात, क्षयात, कुष्ठरोगात, ल्युपससारख्या संधिवाताच्या आजारात, एखाद्या व्हायरल तापानंतर, लशीनंतर, वय वाढल्यावर, अशा कितीतरी कारणांनी व्हीडीआरएल खोटी रिअॅक्टिव्ह येऊ शकते. बहुतेक वेळा अशा वेळी टायटर १:८ च्या खाली असतं. पण इथे दोन गोष्टी नीट ऐका. एक, टायटर कमी आहे म्हणजे आजार नाहीच, असं नाही. जुन्या, दबलेल्या सिफिलिसमध्येही टायटर कमी असू शकतं. दोन, गरोदर बाईच्या बाबतीत डॉक्टर कधीकधी दुसऱ्या टेस्टची वाट न बघता पेनिसिलिन सुरू करतात, कारण वाट बघण्यात बाळाचं नुकसान जास्त. तसं केलं म्हणजे कुणावर आरोप झाला असं समजायचं नाही.

ताई सासरी परत गेल्या. पण त्या तीन आठवड्यांत जे बोललं गेलं असेल, ते कोणत्या टेस्टने नॉन-रिअॅक्टिव्ह होणार?

दोन टेस्ट, चार उत्तरं

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह आणि टीपीएचए पॉझिटिव्ह : बहुतेक सिफिलिस आहे, किंवा होऊन गेलाय. पूर्वी उपचार झालेत का, टायटर किती, लक्षणं काय, यावर डॉक्टर ठरवतात.

व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह, टीपीएचए निगेटिव्ह : बहुतेक खोटी घंटा. पण शंका असेल तर काही आठवड्यांनी परत तपासणी.

व्हीडीआरएल नॉन-रिअॅक्टिव्ह, टीपीएचए पॉझिटिव्ह : जुना, बरा झालेला संसर्ग असू शकतो, अगदी नवा असू शकतो, किंवा वर्षानुवर्षं दबून राहिलेला. डॉक्टरांना इतिहास सांगावाच लागेल.

दोन्ही निगेटिव्ह : सिफिलिस नाही, किंवा अजून दिसायची वेळ आलेली नाही. शेवटच्या असुरक्षित संबंधाला तीन महिने झाल्यावर हीच टेस्ट निगेटिव्ह आली, तर मग खात्रीने सांगता येतं.

काही मोठ्या लॅब हा क्रम उलटा लावतात. आधी मशीनवर जंतूची खास टेस्ट, मग व्हीडीआरएल किंवा आरपीआर. क्रम कोणताही असो, निदान दोन टेस्टच्या जोडीवर, तुमच्या लक्षणांवर आणि तारखांवर होतं. एका कागदावर नाही.

अजून एक. उपचार होऊन ठणठणीत बरे झालात तरी टीपीएचए बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. म्हणून बरं झालोय का हे बघायला टीपीएचए परत परत करू नका, पैसे वाया. त्यासाठी व्हीडीआरएलचं टायटर बघतात. ते चौपट उतरलं, म्हणजे १:३२ वरून १:८ वर आलं, तर औषध लागू पडलं. १:८ वरून १:४ वर येणं मात्र हिशेबात धरत नाहीत, एवढा फरक टेस्ट करताना सहज पडतो. आणि तुलना करायची तर दरवेळी तीच टेस्ट, शक्यतो त्याच लॅबमध्ये. काहींचं टायटर योग्य उपचारांनंतरही खाली येऊन १:१ किंवा १:२ वर अडकून राहतं. त्याचाही अर्थ डॉक्टरच लावतील.

तुमच्या मेसेजमधले नेहमीचे प्रश्न

‘ताई, ऑनलाइन फुल बॉडी चेकअप केला, त्यात येतं का हे?’ बहुतेक वेळा नाही. यादी वाचा. आणि व्हीडीआरएल केली म्हणजे सगळे लैंगिक आजार तपासले असंही नाही. गनोरिया आणि क्लॅमिडियासाठी लघवी किंवा स्वॅब लागतो, एचआयव्हीची टेस्ट वेगळी, हिपॅटायटिस बी ची वेगळी. सिफिलिस निघाला तर एचआयव्हीची टेस्ट करून घ्याच, कारण दोन्ही एकाच वाटेने येतात, आणि फोड असताना एचआयव्हीचा धोका वाढतो.

‘रक्तदान केलं की फुकटात कळतं ना?’ कृपा करून असं करू नका. आपल्याकडे रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी तपासणी होते, हे खरं. पण विंडो पीरियड तिथेही असतो. तुम्हाला शंका आहे आणि तरी तुम्ही शिबिरात हात पुढे केलात, तर तुमची शंका दुसऱ्याच्या नसेत जाईल.

‘कंडोम वापरला होता, तरी?’ धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. फोड कंडोमने झाकल्या न जाणाऱ्या जागी असू शकतो. तोंडात असू शकतो. मुलींमध्ये आत असू शकतो, मग दिसतही नाही.

‘जायचं कुठे?’ जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारा. तपासणी आणि औषधं मोफत असतात. त्वचारोगतज्ज्ञांकडेही जाता येतं, त्यांच्या पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. रेल्वे रुळाच्या कडेच्या भिंतीवर ज्यांचे नंबर रंगवलेले असतात, त्यांच्याकडे मात्र जाऊ नका. आणि मेडिकलवाल्याकडून मनाने अँटीबायोटिकही घेऊ नका. अर्धवट औषधाने लक्षणं जातात, आजार राहतो.

आणि हो, लॅबच्या फॉर्मवर मोबाइल नंबर स्वतःचा लिहा. मागच्या वेळचा, घरच्यांचा नंबर सिस्टीममध्ये असेल तर बदलून घ्या. एचआयव्हीच्या टेस्टसाठी तर तुमची संमती घ्यावी लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो, असा २०१७ चा कायदाच आहे. इतर रिपोर्टची काळजी काउंटरवर तुम्हालाच थोडी घ्यावी लागेल.

तो मुलगा

त्याची टीपीएचए पॉझिटिव्ह आली. उपचार काय झाला माहितीये? बेंझाथीन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, कमरेत, एकदाच. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो हे १९४३ मध्ये दिसलं, आणि आजही पहिलं औषध तेच आहे. आजार जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस देतात. इंजेक्शननंतर त्याच रात्री त्याला थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरला नाही. जंतू मरताना असा ताप येतो, दिवसभरात उतरतो.

अवघड भाग इंजेक्शन नव्हता. अवघड होतं ते त्या मुलीला फोन करणं. तीन महिन्यांतल्या जोडीदारांची टेस्ट निगेटिव्ह असली तरी डॉक्टर उपचार सुचवतात, कारण विंडो पीरियडचा खेळ त्यांच्याही बाबतीत असतोच. त्याने दोन दिवस घेतले, मग फोन केला. ती आली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण दोघांनी उपचार घेतले. त्यातले अडीच महिने माझ्या एका वाक्याने गेले होते, हे मी विसरलेली नाही.

सहा महिन्यांनी त्याचं टायटर १:१६ होतं, वर्षाने १:४. तो शेवटचा रिपोर्ट मीच त्याच्या हातात दिला. त्याने विचारलं, ‘ताई, नॉर्मल ना?’

मी म्हटलं, ‘उतरलंय. छान उतरलंय. पण हे डॉक्टरांना दाखव, ते सांगतील.’ तो हसला. त्याला कळलं मी तसं का म्हणतेय.

राहिला तो रात्री साडेबाराचा मेसेज. त्याने दुसऱ्या दिवशी टीपीएचए केली, डॉक्टरांना भेटला, मला कळवलंही. काय निघालं ते मी सांगणार नाही. ते त्याचं आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या मोबाइलमध्ये असा एखादा रिपोर्ट न उघडता पडला असेल, किंवा उघडून कुणालाच दाखवला नसेल, तर उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवा. प्रश्न असतील तर पाठवा, नाव न लिहिता पाठवलेत तरी चालेल. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.